ईटच्या माणसाचे स्टेशन

ईट हे भूम तालुक्यातले मोठे गाव. या गावाला रेल्वे कधीच आली नाही. तरीही ‘ईटचे स्टेशन कोणते?’ हा प्रश्न वावगा नाही. पूर्वीच्या पत्रव्यवहारात गावाच्या नावापुढे तालुका, जिल्हा आणि त्याखाली ‘स्टेशन अमुक’ असे लिहिण्याची पद्धत होती. रूळ नसलेल्या गावालाही स्टेशन असे. ज्या स्टेशनावर उतरून पुढची वाट धरायची, ते त्या गावाचे स्टेशन. ईटकरांपुरते पाहिले तर ते बार्शी टाउन. गंमत अशी, की ज्या जिल्ह्यात ईट येते त्या जिल्ह्याच्या मुख्य गावालाही स्वतःचे स्टेशन नव्हते. धाराशिवच्या म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादच्या माणसाला गाडी गाठायची तर येडशीला जावे लागे. कलेक्टरची कचेरी एका गावी आणि तिचे स्टेशन बालाघाटाच्या माथ्यावरच्या एका खेड्यात, असा हा प्रकार जवळजवळ शंभर वर्षे चालला. तो का चालला आणि कसा संपला, हे आपण पाहणार आहोत.

प्रथम नकाशा ध्यानात घेतला पाहिजे. मुंबईहून निघालेली जी. आय. पी. कंपनीची मोठी लाइन १८६० साली सोलापूरला पोचली. ती बार्शीवरून गेली नाही. बार्शीपासून सुमारे बावीस मैलांवर कुर्डुवाडीजवळून गेली. तेथल्या स्टेशनाला नाव मात्र मिळाले ‘बार्शी रोड’. रेल्वेच्या भाषेत ‘रोड’ हा शब्द फसवा आहे. त्याचा अर्थ एवढाच, की गाव येथे नाही, गावाकडे जाणारा रस्ता येथे आहे.

आता बार्शीचे महत्त्व कशात होते? बार्शी इंग्रजी मुलुखात, सोलापूर जिल्ह्यात. पण तिच्या तिन्ही बाजूंना निजामाचा मुलूख. भूम, परंडा, कळंब, उस्मानाबाद या भागांतला कापूस, ज्वारी, गळिताची धान्ये गाड्या भरभरून बार्शीच्या अडतीवर येत. सरहद्दीवर करोडगिरीचा नाका. तेथे जकात भरायची आणि पुढे जायचे. नाणेही बदलायचे. निजामाचा हाली शिक्का वेगळा, इंग्रजांचा कलदार रुपया वेगळा. शंभर कलदारांना सुमारे एकशे सोळा-सतरा हाली पडत. ईटचा शेतकरी भूमवरून गाडी जुंपून बार्शीला निघाला तर भरल्या गाडीने वाटेत मुक्काम ठरलेला. इतके करून माल बार्शीत पोचला, तरी तो मुंबईला जाण्यासाठी पुन्हा बैलगाडीत चढून बार्शी रोडपर्यंत जायचा. पावसाळ्यात काळ्या रानातून बावीस मैल म्हणजे काय, हे या भागातल्या श्रोत्यांना सांगण्याची गरज नाही.

ही अडचण एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने हेरली. तो १८८२ साली जी. आय. पी. च्या नोकरीत हिंदुस्थानात आला होता. माणूस मोठा खटपट्या. पुढे विमानातून उडी मारण्याची हवाई छत्रीही त्याने तयार केली आणि तिला ‘गार्डियन एंजल’ असे नाव दिले. पण त्याच्या कीर्तीचा पाया मात्र बार्शीच्या मातीत आहे. १८९५ साली लंडनमध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि मार्च १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी अशी छोटी गाडी धावू लागली.

‘लाइट’ म्हणजे हलकी. लोक समजतात तसा हा केवळ रुळांच्या रुंदीचा प्रश्न नव्हे. मोठ्या लाइनीचे दोन रूळ एकमेकांपासून साडेपाच फुटांवर असतात, या लाइनीचे अडीच फुटांवर. रूळ जवळ आले की वळण आवळून घेता येते, डोंगर कमी फोडावा लागतो, पूल अरुंद चालतो. हे सगळे खरे. पण कॅल्थ्रॉपची खरी युक्ती वजनाच्या वाटणीत होती. बैलगाडीला जसा आख, तसा डब्यालाही आख असतो आणि रुळावर भार पडतो तो आखागणिक. एका आखावर दहा टन आले तर त्या जागी रूळही तसाच जाड हवा, पूलही तसाच भक्कम हवा. मग बाकीचे आख रिकामे असले तरी खर्च वाचत नाही. कॅल्थ्रॉपने नियम घातला, की इंजिन असो, प्रवाशांचा डबा असो वा मालाची वाघीण असो, कोणत्याही आखावर पाच टनांहून अधिक भार येता कामा नये, आणि जितका येईल तितका सर्वांवर सारखा यावा. लीड्सच्या किट्सन कारखान्याने केलेल्या पहिल्या पाच इंजिनांना ओढणारे चार आख आणि मागे आधाराचे दोन, असे सहा आख होते. वाघिणी पंचवीस फूट लांब आणि सात फूट रुंद. म्हणजे रुळांच्या अडीच फुटांपेक्षा डबा जवळजवळ तिप्पट रुंद. लहान मुलाच्या डोक्यावर मोठे पागोटे घालावे तशी ही गाडी दिसे, पण ती डगमगत नसे. हलक्या रुळांवरून भरपूर माल नेता येतो, हे तिने दाखवून दिले. पुढे १९०४ साली सुरू झालेल्या इंग्लंडातल्या लीक आणि मॅनिफोल्ड खोऱ्यातील छोट्या रेल्वेचा इंजिनिअरही कॅल्थ्रॉपच होता. ती रेल्वे १९३४ साली बंद पडली. बार्शीची तिच्या आधी सुरू झाली आणि तिच्यानंतर सत्तरांहून अधिक वर्षे चालली.

बार्शीच्या पुढे लाइन न्यायची तर निजामाच्या हद्दीत शिरणे भाग होते. पांगरीनंतर बालाघाटाची चढण लागते. रामलिंगाच्या दरीच्या आसऱ्याने वळणे घेत लाइन वर चढली आणि माथ्यावर येडशी गाठून तडवळे, ढोकी, मुरूड करीत १९११ साली लातूरला पोचली. आता लाइन उस्मानाबाद शहरात का गेली नाही? नकाशावर पाहिले म्हणजे उत्तर सापडते. कंपनी लंडनची, भांडवल भागधारकांचे, उद्दिष्ट लातूरचा मोंढा. कलेक्टरच्या कचेरीतून कापसाच्या गासड्या निघत नाहीत. शहराकडे वळायचे तर फेरा वाढत होता, आणि प्रत्येक मैलाला पैसा लागत होता. मग येडशीच्या माळावर फलाट झाला आणि उस्मानाबादच्या वकिलाने, पक्षकाराने, परीक्षेला निघालेल्या विद्यार्थ्याने सुमारे वीस किलोमीटर येऊन गाडी धरावी, असे ठरून गेले. कुणी मुद्दाम ठरवले असेल असे नाही. पण रूळ एकदा पडले की तेच ठरवतात.

खेड्यातल्या स्टेशनाचा दिवस गाडीच्या वेळेभोवती फिरतो. गाडी यायच्या आधी तासभर टांगे, बैलगाड्या, पुढे मोटारी जमायच्या. चहाची किटली चुलीवर चढायची. सांधेवाला सांधा लावून हिरवा बावटा घेऊन उभा राहायचा. गाडी गेली की पुन्हा माळ आणि शांतता. बार्शीला दवाखाने, अडती आणि शाळा. कर्मवीर मामासाहेब जगदाळे यांनी तेथे उभ्या केलेल्या शिक्षणसंस्थेत मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतली मुले शिकली. या मार्गावरच्या गावांना बार्शीशी रोजची ये-जा या गाडीमुळे जमली. तिचा वेग बेताचा. चालत्या गाडीतून उतरून बोरे वेचावीत आणि मागच्या डब्यात चढावे, असे लोक गमतीने सांगत. पण चेष्टा करणारेही तिकीट तिचेच काढत.

आषाढी-कार्तिकीला मात्र चेष्टा बंद. कुर्डुवाडीहून याच कंपनीची दुसरी शाखा पंढरपूरला गेली आणि पुढे १९२७ साली मिरजेला भिडली. तेव्हा ही लाइन एकूण सुमारे २०२ मैलांची झाली. लातूर, मुरूड, येडशीकडचा वारकरी एकाच छोट्या गाडीच्या जाळ्यातून विठोबाच्या पायाशी उतरू लागला. यात्रेच्या गर्दीत माणसांना मालाच्या वाघिणींत बसवण्याची चाल त्या काळी हिंदुस्थानभर होती, आणि तिच्याविरुद्ध तक्रारीही देशभर होत्या. भूम तालुक्यातले कुंथलगिरी हे जैनांचे सिद्धक्षेत्र. तेथे जाणाऱ्या लांबच्या यात्रेकरूला बार्शी टाउन हेच उतरण्याचे स्टेशन सांगितले जाई. सप्टेंबर १९५५ मध्ये आचार्य शांतिसागर महाराजांनी कुंथलगिरीला सल्लेखना घेऊन देह ठेवला, तेव्हा तेथे मोठा जनसमुदाय लोटला होता. ईट-भूमच्या मुलुखात बाहेरचे जग ज्या दारांनी येई, त्यांतले एक मोठे दार बार्शीचा फलाट होता.

अशा फलाटावर केवळ माल आणि भाविक उतरत नाहीत. याच मार्गावर कसबे तडवळे हे गाव आहे. तेथल्या स्टेशनाला ‘कळंब रोड’ म्हणतात. पुन्हा तो ‘रोड’! फेब्रुवारी १९४१ मध्ये या गावी महार-मांग वतनदार परिषद भरली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिला उपस्थित होते. निजामाच्या राज्यातल्या एका खेड्यात अशी परिषद भरावी यामागे अनेक कारणे असतील, पण गावाला स्टेशन होते हे त्यांतले लहान कारण नव्हे. पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामात बार्शीकडच्या सरहद्दीवर कार्यकर्त्यांच्या छावण्या उभ्या राहिल्या. एकाच गाडीच्या मार्गावर अलीकडचे स्टेशन स्वतंत्र भारतात आणि पलीकडचे निजामाच्या अमलात, अशी स्थिती १५ ऑगस्ट १९४७ पासून १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत होती. बार्शी-येडशी हे तिकीट त्या तेरा महिन्यांत दोन राज्यांमधले तिकीट होते.

कंपनीचा कारभार १ जानेवारी १९५४ रोजी सरकारकडे आला. मात्र एक जुने दुखणे गेले नाही. कुर्डुवाडीला छोट्या गाडीचा माल मोठ्या गाडीत चढवण्यासाठी प्रत्येक पोते हमालाच्या पाठीवरून जायचे. वेळ जाई, पोती फाटत, मजुरी लागे. मालमोटार शेतकऱ्याच्या खळ्यापासून थेट मुंबईच्या बाजारात जाऊ लागली, तेव्हा हे चढ-उतार कुणाला परवडेना. एके काळी स्वस्ताईमुळे जिंकलेली लाइन याच एका जागी महाग पडू लागली.

शेवटी मोठे रूळ आले. लातूरकडून उस्मानाबादपर्यंतचा मोठा मार्ग २००७ साली आणि उस्मानाबाद ते कुर्डुवाडी हा २००८ साली सुरू झाला. या वेळी मात्र लाइन वळली. पांगरी-येडशीमधली घाटातली जुनी वाट सोडून ती पांगरीहून उस्मानाबादला आणि तेथून येडशीला गेली. जिल्ह्याच्या मुख्य गावाला रेल्वेयुगाच्या दीडशेव्या वर्षानंतर स्वतःचे स्टेशन मिळाले. मुंबई-लातूर गाडी रात्रीत पल्ला गाठू लागली. हा लाभ मोठा आहे, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण येडशीचे काय झाले, तेही पाहिले पाहिजे. स्टेशन आहे, गाड्याही आहेत. मात्र उस्मानाबादच्या प्रवाशांमुळे त्या फलाटाला आलेले जिल्ह्याचे मोठेपण गेले. टांग्याला आणि चहाच्या किटलीला ते लगेच कळते. रामलिंगाच्या दरीतून जाणारी छोटी गाडी थांबली. तो घाट १९९७ पासून अभयारण्य आहे.

मग ईटचे काय? ईटच्या दक्षिणेला बार्शीचे स्टेशन आता मोठ्या लाइनीवर आहे. उत्तरेकडे अहिल्यानगर-बीड गाडी १७ सप्टेंबर २०२५ रोजी सुरू झाली. दोन लाइनींच्या मध्ये हा मुलूख आहे. अशा वेळी गावोगावच्या सभांतून ‘आमच्या गावाला रेल्वे द्या’ असा ठराव होतो. मला तो ठराव फारसा उपयोगाचा वाटत नाही. बालाघाटात एक मैल रूळ टाकायला काय लागते, हे या लाइनीच्या इतिहासाने सांगितलेच आहे. ठराव करायचाच तर असा करावा, की बार्शीच्या फलाटावर गाडी लागल्यानंतर अर्ध्या तासाने भूमवरून ईटला जाणारी एस. टी. निघावी, आणि गाडी उशिरा आली तर ती थांबावी. हैदराबाद संस्थानात १९३२ साली सरकारी मोटारगाड्या सुरू झाल्या, त्या रेल्वे खात्यानेच चालवल्या होत्या. रूळ संपतात तेथे प्रवास संपत नाही, ही गोष्ट तेव्हाच्या कारभाऱ्यांना उमगली होती. आज गाडीचे खाते दिल्लीचे, एस. टी. महाराष्ट्राची, आणि दोघींची वेळापत्रके एकमेकींना ओळखत नाहीत. मुंबईची गाडी बार्शीला अवेळी येते, आणि ईटचा माणूस थैली उशाशी घेऊन पहिल्या बसची वाट पाहत फलाटावरच्या बाकावर आडवा होतो.