हजारपट अंधारातला फोटो

पालघर आणि बोईसर यांच्या दरम्यानच्या एका शाळेत आम्ही दोघे शिकवतो. एक विज्ञान आणि दुसरा चित्रकला. शाळेला मोठे पटांगण नाही, त्यामुळे स्नेहसंमेलन भाड्याच्या सभागृहात होते. दोन वर्षांपूर्वीच्या संमेलनात शेवटी बँजो पार्टी होती, आणि तिच्या आधी सातवीतल्या एका मुलीच्या आजोबांचे तारपावादन. आजोबांचा तारपा वाजवतानाचा एकही फोटो घरात नव्हता. तो काढून द्या, असे तिने आम्हाला दोनदा बजावले होते. आमच्याजवळ शाळेचा डिजिटल कॅमेरा होता, शिवाय दोघांचे मोबाइल. फोटो काढले एकशे त्रेचाळीस. दुसऱ्या दिवशी संगणकावर पाहिले, तर आजोबांच्या जागी पांढरट धुके आणि हातांच्या जागी पंखे! बँजो पार्टीच्या ढोलकीवाल्याला चार-चार हात आले होते. मुलीला द्यावा असा एकही फोटो त्यात नव्हता.

कॅमेरा बिघडला असेल असे आम्हाला आधी वाटले. पण त्याच कॅमेऱ्याने सकाळी क्रीडास्पर्धांचे फोटो उत्तम काढले होते. धावणारी मुले स्पष्ट आणि बसून वाजवणारे आजोबा मात्र पुसट, हे कसे? याचे उत्तर शोधण्यासाठी आम्ही प्रकाश मोजायचे ठरवले.

मोबाइलमध्ये प्रकाश मोजणारा संवेदक असतो आणि त्याचा आकडा दाखवणारी ॲप मिळतात. हा आकडा अगदी काटेकोर नसतो, पण तुलनेला पुरतो. प्रकाश किती पडतो हे लक्स या एककात सांगतात. डिसेंबरातल्या स्वच्छ दुपारी मैदानावर ८०,००० लक्सच्या आसपास आकडा मिळाला. संमेलनाचे दिवे लावून रंगमंचावर मोजले, तर जेमतेम ८०. म्हणजे एक हजारांश! आपल्या डोळ्याला हे कळत नाही, कारण डोळा अंधाराला सरावतो आणि मेंदू चित्र सावरून घेतो. सभागृह आपल्याला ‘जरा अंधारे’ वाटते, कॅमेऱ्याला ते हजारपट अंधारे असते.

आता हिशेब करू. भर उन्हातल्या फोटोसाठी छायाचित्रकारांचा जुना ठोकताळा आहे : भिंगाचे छिद्र एफ १६, वेळ १/१२५ सेकंद आणि संवेदनशीलता आयएसओ १००. एफचा आकडा म्हणजे भिंगाच्या नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागून येणारी संख्या. आकडा लहान, तर छिद्र मोठे. प्रकाश एक हजारांश झाला म्हणजे तो साधारण दहा वेळा निम्मा झाला, कारण दोनचा दहावा घात १०२४ येतो. तेव्हा कुठून तरी दहा ‘दुप्पट’ गोळा करायला हव्यात. त्या तीनच ठिकाणी मिळतात. छिद्र मोठे करा, शटर जास्त वेळ उघडे ठेवा, किंवा आयएसओ वाढवा.

आमच्या कॅमेऱ्याबरोबर आलेल्या भिंगाचे छिद्र, रंगमंच जवळ आणून पाहताना, एफ ५.६ पेक्षा मोठे होत नव्हते. एफ १६ पासून तिथपर्यंत तीन दुप्पट मिळाल्या. आयएसओ आपोआप १६०० पर्यंत चढला, त्या चार. उरलेल्या तीन कॅमेऱ्याने वेळातून वसूल केल्या आणि १/१२५ चे १/१५ सेकंद झाले. एवढ्यावर भागले नाही. रंगमंचाचा पडदा काळा होता. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने करडे असणार असे धरून चालतो. काळ्या पडद्याला करडा करण्याच्या नादात त्याने वेळ आणखी दुप्पट केला, १/८ सेकंद. त्यामुळे पडदा राखाडी आला आणि आजोबांचा चेहरा पांढरा पडला.

१/८ सेकंद म्हणजे किती? ढोलकीवर पडणारा हात सेकंदाला दोन मीटर वेगाने जातो असे धरा. १/८ सेकंदात तो २५ सेंटिमीटर जाईल. १/६० सेकंदात साडेतीन सेंटिमीटरला थोडा कमी, आणि १/२५० सेकंदात ८ मिलिमीटर. ‘वेग गुणिले वेळ’ हे सूत्र पाचवी-सहावीपासून आपण आगगाडीवरच शिकवत आलो. एकदा ढोलकीवर शिकवून पाहायला हरकत नाही. काही कॅमेऱ्यांत हाताचा कंप शोषणारी सोय असते. ती आपल्या हाताचा कंप शोषते, ढोलकीवाल्याच्या हातावर तिचा काही इलाज नाही. मोबाइलमधला रात्रीचा फोटोही अनेक चित्रे एकावर एक रचून बनतो. तोही जास्त वेळच घेत असतो, म्हणून देवळाच्या दीपमाळेला छान आणि नाचणाऱ्या माणसाला कुचकामी.

मग फ्लॅश का नाही वापरला, असे आम्हाला अनेकांनी विचारले. वापरला होता! छोट्या फ्लॅशचा प्रकाश चार मीटरवर पुरेसा पडत असेल, तर सोळा मीटरवर अंतर चौपट होते आणि प्रकाश एक सोळांश उरतो. हा व्यस्त वर्गाचा नियम. आम्ही मागच्या रांगेत होतो. फ्लॅशने पुढे बसलेल्या पालकांची टाळकी तेवढी उजळली. शिवाय तोंडावर लख्ख उजेड पडून वाजवणाऱ्याचा श्वास चुकतो तो वेगळाच, आणि तारप्यात श्वासाला फार महत्त्व आहे. सुकवलेला भोपळा, त्यात मेणाने बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या आणि पुढे ताडाच्या पानांचा लांब कर्णा असे हे वाद्य. त्याचा सूर खंडित होऊ द्यायचा नसतो. वादक गालात हवा साठवून ती दाबत राहतो आणि त्याच वेळी नाकाने श्वास घेतो.

आयएसओबद्दल एक गैरसमज सर्वत्र आहे, आमचाही होता. आयएसओ वाढवले की कॅमेरा जास्त प्रकाश घेतो असे आपण समजतो. तो घेत नाही. आलेल्या प्रकाशापासून बनलेला विद्युतसंदेश तो फक्त मोठा करतो, ध्वनिक्षेपकाची चावी फिरवावी तसा. चित्र दाणेदार दिसते ते प्रकाश कमी असल्यामुळे. प्रकाश कणाकणांनी येतो आणि हे कण पावसाच्या थेंबांसारखे कुठेही पडतात. एखाद्या ठिकाणी सरासरी १०० कण पडणार असतील, तर प्रत्यक्षात कधी ९०, कधी ११० पडतात. चढउतार सरासरीच्या वर्गमुळाएवढा, म्हणजे १० चा, शेकडा दहा. सरासरी १०,००० असेल तर चढउतार १०० चा, शेकडा एकच.

हे वर्गात करून दाखवता येते. फरशीवर खडूने सोळा सारखे चौकोन आखा. चौसष्ट तांदूळ वरून विखरून टाका आणि प्रत्येक चौकोनातले मोजा. (तांदूळ वाडा कोलमच हवा असे नाही. भौगोलिक मानांकन मिळालेले तांदूळ फरशीवर टाकायला आमच्या स्वयंपाकीण बाईंनी साफ नकार दिला.) सरासरी चार येते, पण एखाद्या चौकोनात एक आणि शेजारच्यात सात असेही निघतात. मग सोळाशे तांदूळ टाका. सोळा मुलांनी एकेक चौकोन मोजला की काम लवकर उरकते. बहुतेक आकडे ९० ते ११० मध्ये सापडतील. पहिली फरशी म्हणजे सभागृहातला फोटो, दुसरी म्हणजे उन्हातला.

यावरून हेही कळते की मोबाइलचे छिद्र एफ १.८ लिहिलेले असूनही तो का हरतो. एफ १.८ हे गुणोत्तर आहे. ५० मिलिमीटर नाभीय अंतराच्या भिंगाला एफ १.८ म्हणजे २८ मिलिमीटर व्यासाचे छिद्र. मोबाइलच्या भिंगाचे खरे नाभीय अंतर ६ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे छिद्र ३.३ मिलिमीटर. क्षेत्रफळात जवळपास सत्तरपट फरक पडला. आजोबांच्या चेहऱ्यावरून निघालेला प्रकाश पागोळीसारखा येतो आहे. एकाने खाली परात धरली, दुसऱ्याने वाटी.

पुढच्या वर्षी आजोबा येणार की नाही, हेच नक्की नव्हते. त्यांना दम लागू लागला होता. मुलगी म्हणाली, “चारच मिनिटे वाजवीन म्हणतात.” या खेपेला मात्र आम्ही आदल्या दिवशी सभागृहात गेलो.

पहिला खर्च ५० मिलिमीटर एफ १.८ भिंगाचा. तशी भिंगे त्यातल्या त्यात स्वस्त असतात. आम्ही एका माजी विद्यार्थ्याकडून उसने आणले. दुसरे काम फुकटचे होते आणि त्यानेच सर्वाधिक फरक पडला. रंगमंचावर रंगीत एलईडी दिवे होते. कॅमेऱ्याच्या संवेदकावर निम्मी घरे हिरव्या प्रकाशासाठी असतात, पाव तांबड्यासाठी आणि पाव निळ्यासाठी. सगळा रंगमंच निळा केला की प्रकाश मुख्यतः पाव घरांनाच मिळतो, चेहऱ्याचा तपशील जातो. शिवाय ग्रिडमधली वीज, मग ती तारापूरची असो की कोयनेची, सेकंदाला ५० आवर्तने करते, आणि साधे एलईडी त्या तालावर सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. शटर १/२५० ठेवले की एखाद्या फोटोत आडवे पट्टे येतात. सभागृहाच्या अडगळीत दोन जुने हॅलोजन सापडले. तापलेली तार इतक्या चटकन थंड होत नाही, त्यामुळे त्यांचा प्रकाश जवळजवळ स्थिर. दिवेवाल्याला विनंती केली, की चार मिनिटे रंगीत दिवे बंद ठेवा आणि हॅलोजन चार मीटरऐवजी दोन मीटरवर लावा. मघाचाच व्यस्त वर्गाचा नियम आता आमच्या बाजूने होता. चार मीटरवरून त्यांचा प्रकाश जवळपास ८० लक्सच भरला होता. दिवे पुढे सरकवले आणि मोबाइलने ३२० च्या आसपास आकडा दाखवला. पिवळसर झाक कॅमेऱ्यातला श्वेतसमतोल बदलून काढता येते. डोळ्यांत उजेड जाऊ नये म्हणून दिवे बाजूला ठेवले, आणि आजोबांना तिथे बसवून “तिरीप लागत नाही ना?” असे विचारून घेतले.

आता दहाऐवजी आठच दुप्पट हव्या होत्या. छिद्र एफ २ केले, सहा मिळाल्या. उरल्या दोन, आयएसओ ४०० वर १/१२५ सेकंद चालले असते. आम्ही आयएसओ ८०० आणि १/२५० घेतले. प्रकाशमापक आजोबांच्या चेहऱ्यावर धरून सगळे आकडे हाताने पक्के केले, म्हणजे काळा पडदा पुन्हा फसवणार नाही. एफ २ ची एक किंमत असते. चार मीटरवरून जेमतेम अर्ध्या मीटरची खोलीच स्पष्ट येते. तारप्याचा कर्णा आपल्याकडे रोखलेला असेल तर चेहरा स्पष्ट आणि कर्ण्याचे तोंड पुसट. म्हणून आम्ही पहिल्या रांगेच्या कडेला, जमिनीवर बसलो.

शटर केव्हा दाबायचे, हेही आम्ही तालमीत पाहून ठेवले होते. आजोबा वाजवताना डुलतात. लंबकासारखीच ती गती. मध्यातून जाताना वेग सर्वांत जास्त आणि टोकाला क्षणभर शून्य. ढोलकीवाल्याचा उचललेला हातही वर टोकाला असाच थबकतो. ताल ऐकत राहिले की ते टोक केव्हा येणार हे कानाला आधीच कळते. इथे चित्रकलेच्या मास्तरांचा कान विज्ञानाच्या मास्तरांपेक्षा तयार निघाला. वारली चित्रांत मधोमध तारपेवाला आणि भोवती नाचणाऱ्यांची वेटोळी रांग असते. गंजाडचे जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांच्यासारख्या चित्रकारांना शटरची अडचण नव्हती. सारी रात्र पाहिलेला नाच ते एका चित्रात आणू शकत. आमच्या हाती १/२५० सेकंद होता.

आजोबांनी चार मिनिटे म्हणून सहा मिनिटे वाजवले. साठ फोटो काढले, त्यांतले अकरा चांगले आले. मुलीला सगळे दाखवले. आम्हाला आवडलेला फोटो तिने बाजूला सारला, कारण त्यात आजोबा नुसते बसल्यासारखे दिसत होते. तिने निवडला त्यात उजव्या हाताचे एक बोट पुसट आहे, पण डावा गाल टम्म फुगलेला आहे आणि नाकपुड्या रुंदावल्या आहेत. तो श्वास घेण्याचा क्षण होता. “हा द्या. यात वाजतोय,” ती म्हणाली.

मोठा करून चौकटीत बसवायला तो पालघरला दिला. दुकानदाराने बोटाकडे पाहून विचारले, हे हललेय, संगणकावर नीट करून देऊ का?

नको म्हणून सांगितले.