शेवटी बोलणाऱ्याचे गणित

चौघांना एक वस्तू दाखवायची, प्रत्येकाने तिची किंमत ओळखायची आणि खऱ्या किमतीच्या सर्वांत जवळ जाईल तो जिंकला. एवढ्याशा कल्पनेवर ‘द प्राइस इज राइट’ हा अमेरिकेतील दूरचित्रवाणी कार्यक्रम उभा आहे. १९५६ साली तो प्रथम निघाला आणि १९७२ पासून नव्या स्वरूपात आजतागायत चालू आहे. त्यातील या खेळाचे नियम दोनच. खऱ्या किमतीच्या वर बोली गेली की स्पर्धक बाद. आणि चौघांनी एकामागून एक, सर्वांना ऐकू जाईल असे बोलायचे. चौघेही वर गेले तर पुन्हा बोली.

पहिल्या नियमाकडे सर्वांचे लक्ष जाते. खरी मेख आहे ती दुसऱ्या नियमात.

जुगारातील डाव अर्धवट राहिला तर पैसे कसे वाटावेत, यावर १६५४ साली पास्कल आणि फर्मा यांचा पत्रव्यवहार झाला आणि त्यातून संभाव्यताशास्त्राचा पाया घातला गेला. तेव्हा आपणही एका खेळापासून सुरुवात करण्यास हरकत नाही.

समजा, समोर आमच्या हरमलच्या मिरचीची एक पुडी आहे. तिची किंमत १ ते १०० रुपयांमध्ये पूर्ण रुपयांत आहे आणि कोणाला त्याहून अधिक काही ठाऊक नाही. म्हणजे प्रत्येक किमतीची संभाव्यता शंभरात एक. पहिल्या तिघांनी २०, ४५ आणि ७० अशा बोली केल्या. आता चौथ्याने काय करावे?

त्याला मनातून ८५ योग्य वाटतात. तसे तो बोलला तर किंमत ८५ ते १०० असली तरच जिंकेल, म्हणजे शंभरात १६ वेळा. पण तो ७१ म्हणाला तर? मग ७१ पासून १०० पर्यंतच्या तीसही किमती त्याच्या! ७० म्हणणाऱ्या बिचाऱ्याकडे केवळ ७० हा एकच आकडा उरतो. इतर दोघांकडे प्रत्येकी २५ आकडे राहतात, आणि किंमत १९ किंवा त्याखाली असली तर सगळेच बाद.

हा योगायोग नव्हे. तीन निरनिराळ्या बोलींमुळे आकड्यांच्या ओळीत चार तुकडे पडतात: सर्वांत लहान बोलीच्या खालचा, मधले दोन आणि सर्वांत मोठ्या बोलीच्या वरचा. तीन आकडे बोलून झाले, म्हणजे या तुकड्यांत मिळून ९७ आकडे राहिले. ९७ चे चार भाग कसेही करा, सर्वांत मोठा भाग २५ पेक्षा लहान असूच शकत नाही. चौथ्याने तो भाग निवडायचा आणि त्यातला पहिला आकडा बोलायचा. पहिल्या तिघांनी २६, ५१ आणि ७६ अशी काटेकोर वाटणी केली, तर चौथा १ म्हणेल आणि चौघांनाही प्रत्येकी २५ मिळतील. वाटणीत जरा चूक झाली की तिचा फायदा चौथ्याला.

गंमत अशी की, १९९६ साली बर्क, ह्यूसन आणि व्हँडेझांडे या अर्थशास्त्रज्ञांनी या कार्यक्रमातील बोलींवर अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा शेवटचे स्पर्धक पुष्कळदा ही सोपी युक्ती वापरतच नाहीत असे दिसून आले. माणसाला आपल्या मनातला आकडा सोडवत नाही!

मला मात्र हे गणित वाचताना आमचे अंगण आठवले. उन्हाळ्यात तेथे मिरची वाळत पडलेली असते. व्यापारी दारी येतो, मूठभर मिरची हातात खेळवतो आणि म्हणतो, “काकी, तूंच सांग, कितले दिवप?” आईने भाव सांगितला की तिचा अंदाज उघडा पडला, त्याचा मात्र त्याच्या पोटात. तिचा भाव बाजारापेक्षा खाली असला तर तो मुकाट्याने पैसे मोजतो, वर असला तर मान हलवतो. एका वर्षी तो फार लवकर कबूल झाला. पुढच्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात तीच मिरची काय भावाने जाते ते पाहून आई घरी आली आणि रात्री जेवली नाही.

यावर उपाय काय? उपायही त्याच कार्यक्रमात सापडतो. २००८ साली एका स्पर्धकाने बक्षिसांच्या संचाची किंमत २३,७४३ डॉलर अशी डॉलरही न चुकता सांगितली. तो चमत्कार नव्हता. त्याच त्या वस्तू पुन्हा पुन्हा येत आणि नेमाने पाहणाऱ्यांनी त्यांच्या किमती पाठ केल्या होत्या. सर्व किमती सारख्याच संभाव्य मानणे म्हणजे आपले अज्ञान मान्य करणे. माहिती वाढली की संभाव्यता बदलते, आणि किंमत नेमकी ठाऊक असलेल्याला पहिले बोलावे लागले तरी भीती नसते.

हरमलच्या मिरचीला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने नावाला संरक्षण मिळाले. भाव मात्र ज्याचा त्यानेच जाणून घ्यावा लागतो. आई आता आधी म्हापशाला एक फेरी मारते, चार ठिकाणी विचारते आणि मगच व्यापाऱ्याला अंगणात बसायला पाट देते. संभाव्यताशास्त्राचे पुस्तक तिने पाहिलेले नाही, पण त्यातला हा धडा तिला माझ्याआधी कळला.