कन्सल्टिंग की डेव्हलपमेंट? आधी प्रश्न तपासा

गैरसमज : कन्सल्टिंग म्हणजे पैसा, डेव्हलपमेंट म्हणजे समाजसेवा, एका दारातून आत गेलं की दुसरं बंद.

वस्तुस्थिती : चाकणच्या प्लांटमध्ये तीन-चार वर्षं सप्लायर क्वालिटी सांभाळून एमबीएच्या तयारीला लागलेली मुलं हे इतक्या खात्रीनं सांगतात, की ऐकून वैताग येतो. घरचेही भर घालतात : ‘आधी कमाव, मग काय ती सेवा कर.’ यांच्यापैकी कुणीतरी पिंपरीत मेट्रोत चढताना तिचा पैसा कुठून आला ते पाहावं. पुणे मेट्रोसाठी युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँकेनं ६० कोटी युरोंचं कर्ज मंजूर केलं, तर एएफडी या फ्रान्सच्या विकास संस्थेनं २४.५ कोटी युरोंचं. ज्याला ‘आंतरराष्ट्रीय विकास’ म्हणतात, तो जिनिव्हापर्यंत जायच्या आधी पिंपरीच्या मोरवाडीतच भेटतो. आणि या मेट्रोचे आराखडे तपासायला, कामावर देखरेख करायला नेमलेले ‘जनरल कन्सल्टंट’ कोण? सल्लागार कंपन्याच. मग त्या टीममधला इंजिनिअर कन्सल्टिंगमध्ये आहे की डेव्हलपमेंटमध्ये?

हा अपवाद नव्हे. कर्ज किंवा अनुदान देणारी संस्था बहुतेकदा स्वतः काम करत नाही. टेंडर निघतं, सल्लागार येतात. सामाजिक संस्थांना सल्ला देणारी ब्रिजस्पॅन २००० साली बेन या कन्सल्टिंग कंपनीच्याच मदतीनं उभी राहिली. माणसं इकडून तिकडे जातात आणि परतही येतात.

फरक आहे, पण तो भलतीकडे शोधला जातो. कन्सल्टिंगमध्ये विषय क्लायंट ठरवतो : आज टायर, सहा महिन्यांनी बँक, अहवाल दिला की बहुधा निरोप. विकास संस्थेत विषय टिकतो, पण करार निधी असेल तेवढाच. म्हणून ऑफर आली की विचारा : पैसे कोण देतं, करार किती महिन्यांचा, आणि दिलेला सल्ला अमलात येतो का हे पाहायला आपण तिथे असू का?

बाकीचे गैरसमज थोडक्यात :

‘डेव्हलपमेंटमध्ये पगारच नाही.’ यूएनच्या आंतरराष्ट्रीय पदांचे पगार सर्वाधिक पगार देणाऱ्या देशाच्या नागरी सेवेशी तोलून ठरतात. गावपातळीवरच्या संस्थांत मात्र तो खरंच कमी असतो.

‘यूएनमध्ये काय, चाळिशीतही जाता येईल.’ यंग प्रोफेशनल्स प्रोग्रॅमची वयोमर्यादा ३२. शिवाय भारत त्याच्या पात्र देशांच्या यादीत दरवर्षी असतोच असं नाही. पुढच्या पदांना त्याच क्षेत्रातला अनुभव लागतो.

‘कारखान्यातला अनुभव तिथे काय कामाचा?’ २४ फेब्रुवारी २०२१ रोजी कोव्हॅक्स या जागतिक लस-वाटप योजनेतले कोविड लशीचे ६ लाख डोस घानात उतरले, ते पुण्याच्या सीरमचे. पोहोचवण्याचं काम युनिसेफकडे. खरेदी, पॅकिंग, वेळेवर डिलिव्हरी : चाकणला रोज दुसरं काय चालतं?

‘परदेशी सरकारचा पैसा म्हणजे पक्की नोकरी.’ जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेनं परदेशी मदत गोठवली, १ जुलैला यूएसएड या तिच्या मदत संस्थेचा कारभारच आटोपला. त्या निधीवरच्या सामाजिक संस्थांनी माणसं काढली, तशी सल्लागार कंपन्यांनीही.

‘सीएसआर ही कंपनीची मर्जी.’ कंपनी कायदा २०१३, कलम १३५ : ठरावीक आकारापुढच्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामांसाठी खर्चावेच लागतात. तो खर्च नीट होतोय का, हे पाहणारी माणसं आकुर्डी-चाकणलाही लागतात. या क्षेत्रातली पहिली नोकरी शोधायला नैरोबीचं तिकीट काढायची गरज नाही.