कॅमेऱ्यात दिसलं नाही, म्हणजे घडलंच नाही का?

गारखेड्यातून बोलतोय, मागे सूतगिरणी चौकातले हॉर्न ऐकू आले तर सांभाळून घ्या. आजचा विषय चहाच्या टपरीवर सुरू झाला. एक मित्र म्हणाला, "पोलिसांनी मारल्याचा व्हिडिओ आहे ना? मग यंत्रणा बदलायला पाहिजे, विषय संपला." दुसरा म्हणाला, "तीस सेकंदांची क्लिप आहे. आधी दगड कोणी मारले ते दिसतं का त्यात?"

दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. पण आपल्या शेजारच्या परभणीचं प्रकरण पाहिलं, तर खरा प्रश्न वेगळाच निघतो.

१० डिसेंबर २०२४ ला परभणीत डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची मोडतोड झाली. दुसऱ्या दिवशी बंद, दगडफेक, जाळपोळ. मग धरपकड झाली आणि पोलीस लोकांना मारतायत असे व्हिडिओ मोबाइलवर फिरले. अटक झालेल्यांत सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी होता. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना तो गेला. शवविच्छेदन आपल्या घाटीत झालं. प्राथमिक अहवालात कारण होतं, अनेक जखमांमुळे बसलेला धक्का.

आता इथं लक्ष द्या. मुख्यमंत्री फडणवीस यांनी विधानसभेत न्यायालयीन चौकशी जाहीर केली, पण हेही सांगितलं की सीसीटीव्हीत मारहाण दिसत नाही आणि सोमनाथनं न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर तशी तक्रार केली नव्हती. म्हणजे एकीकडे शरीरावरच्या जखमा, दुसरीकडे 'काहीच दिसत नाही' असं फुटेज.

ही कोंडी व्हिडिओनं नाही फुटली. कोठडीतल्या मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यांनीच करायची, असा कायदा आहे. त्या चौकशीत पोलिसांना जबाबदार धरलं गेलं. सोमनाथची आई कोर्टात गेली. ४ जुलै २०२५ ला जालना रोडवरच्या आपल्या खंडपीठानं गुन्हा नोंदवायचा आदेश दिला, आणि ३० जुलैला सर्वोच्च न्यायालयानं त्यात हात घालायला नकार दिला. गुन्हा नोंदवणं म्हणजे दोष सिद्ध होणं नव्हे. पण तेवढ्यासाठीही एका आईला सात महिने लागले.

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे साधा नियम आहे: ज्याच्या कामाची तपासणी करायची, लॉग त्याच्याच हातात ठेवायचा नाही. पोलीस ठाण्यात नेमकं उलटं आहे. २ डिसेंबर २०२० ला परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक ठाण्यात आवाजासह सीसीटीव्ही लावायला सांगितलं. फुटेज १८ महिने ठेवायचं, ते जमत नसेल तर निदान एक वर्ष. छान! पण कॅमेरे चालू ठेवायची आणि रेकॉर्डिंगची जबाबदारी कोणाची? त्याच ठाण्याच्या प्रमुखाची. देखरेखीला समित्या आहेत, तरी बंद कॅमेऱ्यांचा विषय सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाला स्वतःहून पुन्हा घ्यावा लागला.

म्हणून माझं मत असं: व्हिडिओ सुधारणेची गरज दाखवतो, पण नुसते कॅमेरे वाढवणं ही सुधारणा नाही. फुटेजची प्रत आपोआप ठाण्याबाहेर, स्वतंत्र यंत्रणेकडे गेली पाहिजे. फुटेज गायब असेल, तर उत्तर ठाण्यानं द्यायचं, घरच्यांनी नाही. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी वेगळं प्राधिकरण हवं, असं प्रकाश सिंग खटल्यात २००६ मध्येच सांगितलं गेलंय. याचा फायदा प्रामाणिक पोलिसालाही आहे. खोटा आरोप झाला, तर पूर्ण फुटेजच त्याला वाचवेल. टपरीवरच्या दुसऱ्या मित्राचं उत्तरही हेच.

जाता जाता कामाची गोष्ट. तुमच्या मोबाइलमध्ये असा व्हिडिओ असेल, तर मूळ फाइल उडवू नका, कापू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवला की व्हिडिओ दाबला जातो आणि फाइलचा हॅश, म्हणजे तिचा अंगठ्याचा ठसा, बदलतो. नव्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात तोच हॅश लिहावा लागतो. फॉरवर्ड हजार जणांकडे असेल, मूळ फाइल फक्त तुमच्याकडे असते.

तुम्हाला काय वाटतं, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.