पुळणीची भूक

समुद्रकाठच्या घरांची एक गंमत असते. पाऊस थांबला की तासाभरात अंगण कोरडं. चिखल नावाला नाही. पण घरामागच्या परड्यात चार वांगी-मिरच्या लावायला घेतल्या की हीच पुळण आपला रंग दाखवते. मार्च उजाडला की सकाळ-संध्याकाळ कळश्या ओता, तरी दुपारी रोपं माना टाकतात. बचत गटाच्या कामानिमित्त मालवण-वेंगुर्ल्याकडच्या किनाऱ्यालगतच्या वाड्यांमधून माझं जाणं-येणं असतं. तिथे परसबागेचा विषय काढला की हमखास एकच उत्तर मिळतं, "पुळणीत माडाशिवाय दुसरा काय रुजतला, वयनी?"

रुजतं, मैत्रिणींनो! फक्त पुळणीचं दुखणं आधी समजून घ्यायला हवं.

वाळूचे कण मोठे, त्यांच्यामधल्या फटीही मोठ्या. ओतलेलं पाणी चाळणीतून जावं तसं खाली जातं आणि जाताना खतही घेऊन जातं. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एवढ्या पावसात पुळणीत टाकलेला युरिया झाडाच्या तोंडी कितीसा लागणार? उरलेला जमिनीत मुरतो आणि आपल्याच उथळ विहिरीच्या पाण्यात उतरू शकतो. पाण्यातलं नायट्रेट वाढलं तर ते तान्ह्या बाळांना बाधतं. म्हणजे पैसा गेला, कळश्या वाहून कंबर गेली आणि वर पिण्याच्या पाण्याचीही काळजी!

यावर बरेच जण तांबड्या मातीचा ट्रक मागवतात. जरा हिशेब करूया. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. त्यावर अर्धा फूट थर द्यायचा तर साडेपाच ब्रास माती लागते. त्यासाठी कुठला तरी डोंगर खणला जाणार तो वेगळाच. त्याच गुंठ्याला तागाचं बियाणं लागतं अर्धा किलो, फार तर सहाशे ग्रॅम. बाहेरून आणण्यापेक्षा जागच्या जागी खत पिकवायचं, यालाच हिरवळीचं खत म्हणतात.

ताग, म्हणजे काही भागांत ज्याला बोरू म्हणतात तो, शेंगवर्गातला. त्याच्या मुळांवरच्या गाठींत राहणारे जिवाणू हवेतला नत्र धरून ठेवतात. विश्वास बसत नसेल तर महिन्याभराचं एक रोप अलगद उपटा आणि मुळावरची गाठ नखाने फोडून बघा. आतून गुलाबी-लालसर दिसली की समजायचं, काम चालू आहे. गाठी दिसल्या नाहीत तर पुढच्या वेळी पेरणीआधी बियाण्याला चवळी गटाचं रायझोबियम संवर्धन चोळायचं.

आता वेळ. ही गोष्ट पुळणीत फार महत्त्वाची. भर पावसात पाला गाडला तर कुजून तयार झालेलं सत्त्व पावसाबरोबरच वाहून जातं. म्हणून मी बायकांना सोपा हिशेब सांगते. नारळी पौर्णिमेला पेरा, घटस्थापनेला कापा. मध्ये साधारण ४६ दिवस मिळतात. (अधिक महिना मध्ये आला तर सण नव्हे, दिवस मोजायचे!) फुलं दिसू लागली की विळा चालवायचाच. उशीर केला तर दांडे लाकडासारखे होतात आणि लवकर कुजत नाहीत. शिवाय तागाच्या बिया गुराढोरांना बाधतात, त्यामुळे बी धरेपर्यंत थांबूच नये.

कापलेल्या तागाचे बोटभर तुकडे करा, खोऱ्याने वीतभर खोल गाडा, वरून पातळ शेणकाला शिंपडा. पाऊस गेलेला असेल तर ओल टिकेल इतकं पाणी द्या. दोन-तीन आठवडे जमिनीला हात लावू नका. मग दिवाळीच्या सुमाराला लाल माठ, मुळा, वांगी, मिरची, काय हवं ते लावा. परडं खाडीला लागून असेल आणि पाणी तुंबत असेल किंवा खारं असेल तर तागाऐवजी धैंचा पेरा, तो तिथे तग धरतो.

घरातल्या वडीलधाऱ्यांचा प्रश्न ठरलेला, "जा खावचा नाय, ता पेरूचा कित्याक?" प्रश्न चुकीचा नाही. हातभर परड्यात दीड महिना जागा अडवणं सोपं नसतं. अशा घरांनी अर्ध्या भागात ताग आणि अर्ध्यात चवळी घालावी. कोवळ्या शेंगा भाजीला काढायच्या आणि वेल हिरवे असतानाच गाडायचे. शेंगांबरोबर थोडा नत्र ताटात येतो, जमिनीला कमी मिळतो. पण घरातला वाद मिटतो, तोही नफाच की!

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. हे एकदा करून भागत नाही. उष्ण हवा आणि मोकळी वाळू यांत पाला झपाट्याने कुजून संपतो. पुळणीला भूक रोजची, तिला दर वर्षी वाढावं लागतं. शिवाय उन्हाळ्यात वाफे उघडे ठेवू नयेत. पातेरा जाळण्यापेक्षा वाफ्यांवर पसरा, कुंपणाला गिरिपुष्प लावून त्याचा पाला माडाच्या आळ्यात घाला.

आमच्या गटातल्या एका काकींनी मुद्दाम अर्ध्याच परड्यात हा प्रयोग केला. तिसऱ्या वर्षी दोन्हीकडची ओली माती मुठीत दाबून त्यांनी आम्हाला दाखवली. एकीचा लाडू वळला, दुसरी बोटांतून निसटली. लाडू वळला त्या भागाला आता त्या एकाच वेळचं पाणी घालतात. वाचलेल्या कळश्यांचा हिशेब कुठल्याही वहीत लिहिला जात नाही, पण बाईच्या कंबरेला तो बरोबर कळतो.

श्रावण लागायच्या आत अर्धा किलो ताग आणून ठेवा. कृषी सेवा केंद्रात बियाणं मिळतं. दोघी-तिघींत मिळून घेतलं तर आणखी बरं!