पोलाद, काँक्रीट आणि सांधा

भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यात, वैनगंगेच्या खोऱ्यात, करडी हे गाव आहे. याच तालुक्यात वरठी येथे पोलादाचा कारखाना आहे; आणि शेजारच्या तुमसर तालुक्यातील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील खाणींतून, पोलादास चिवटपणा देणारे मँगनीज निघते. पुलांना लागणारे बळ या भूमीच्या पोटातून बाहेर पडते, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही. परंतु २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला महापूर आला, तेव्हा याच जिल्ह्यातील कितीतरी वस्त्या पाण्याने वेढल्या गेल्या. नदीकाठच्या माणसास पूल ही शोभेची वस्तू नव्हे; दवाखाना, शाळा आणि बाजार यांची ती वाट होय. ही वाट कशी बांधली जाते, हे जाणून घेण्याचा अधिकार म्हणूनच केवळ अभियंत्यांचा नाही.

अलीकडे पुष्कळसे पूल पोलाद आणि काँक्रीट यांच्या संयोगाने बांधले जातात. खाली पोलादी तुळया आणि वर काँक्रीटचा स्लॅब, अशी ही रचना असते. दोन खांबांवर टेकलेल्या पुलावर भार आला, की त्याच्या वरच्या अंगास दाब व खालच्या अंगास ताण बसतो. काँक्रीट दाब उत्तम सोसते, परंतु ताणाखाली तडकते. पोलाद ताणास खंबीर असते, पण त्याचा पातळ पत्रा दाबाखाली मुरडतो. तेव्हा ज्याला जे साधते ते काम त्याच्याकडे सोपविणे, हेच या रचनेचे मर्म आहे. उष्णतेने दोन्ही पदार्थ जवळजवळ सारखेच प्रसरण पावतात, हीही निसर्गाची कृपाच म्हणावयाची.

तथापि दोन गुणी माणसे शेजारी बसविल्याने संसार होत नाही. सारख्याच दोन फळ्या एकीवर एक नुसत्या ठेवल्या, तर भाराखाली त्या एकमेकींवरून सरकतात. त्याच पक्क्या जोडल्या, तर त्यांचे बळ दुप्पट आणि ताठरपणा चौपट होतो. पुलातही तेच घडते. तुळईच्या माथ्यावर डोकेदार पोलादी खुंट्या जोडून त्यांवर काँक्रीट ओततात. अभियंते ज्यांना ‘स्टड’ म्हणतात त्या या खुंट्या स्लॅबला सरकू देत नाहीत आणि वर उचलूही देत नाहीत. पूल पूर्ण झाल्यावर त्या कोणाच्या दृष्टीस पडत नाहीत. पण साऱ्या रचनेची इभ्रत त्यांच्याच हाती असते.

आणखीही एक सूक्ष्म गोष्ट आहे. ओले काँक्रीट घट्ट होईपर्यंत त्याचे सर्व ओझे एकट्या तुळईस वाहावे लागते. त्या नाजूक काळात तुळयांना आडवे आधार नसतील, तर त्या बाजूला कलंडू शकतात. म्हणजे पूर्ण झालेल्या पुलाचे गणित करून भागत नाही. तो बांधला जात असतानाच्या प्रत्येक अवस्थेचे गणित करावे लागते. अशा बांधकामासाठी भारतीय मानक १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि २०२२ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली. नियमांची आपल्याकडे वाण नाही. वाण आहे ती पूल उभा राहिल्यानंतरच्या दक्षतेची.

१४ मार्च २०१९ रोजी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळील पादचारी पुलाचा स्लॅब भरगर्दीच्या वेळी कोसळला. त्याचा पोलादी सांगाडा मात्र बराचसा जागेवरच होता. त्यापूर्वीच्या तपासणीत हा पूल किरकोळ दुरुस्तीपुरता ठरविण्यात आला होता! १५ जून २०२५ रोजी मावळातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळून ४ जण दगावले. तेथे तर धोक्याची सूचनाही लावलेली होती. सूचना लावली म्हणजे कर्तव्य संपले, अशी समजूत कोणी करून घेतली असेल, तर ती सोडावी हे बरे.

गंज हा गाजावाजा करून येत नाही. स्लॅबच्या भेगेतून झिरपणारे पाणी तुळईच्या माथ्यावर, नेमके सांध्यापाशी मुरते. रंगाचा एक हात, पाण्याची वाट मोकळी ठेवणे आणि पावसाळ्यापूर्वी व नंतर जाणत्या डोळ्यांनी केलेली पाहणी, एवढ्यावर कित्येक पुलांचे आयुष्य वाढते. पण कोनशिलेस समारंभ आहे, उद्घाटनास फीत आहे; पाहणीस मात्र ना समारंभ, ना छायाचित्र.

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक पुलाच्या अंदाजपत्रकातच त्याच्या पुढील देखभालीची तरतूद असावी. पाहणी केव्हा झाली, कोणी केली आणि तीत काय आढळले, याची नोंद ग्रामपंचायतीत व नगरपालिकेत सर्वांस वाचावयास मिळावी. पूल धोकादायक ठरला, तर नुसता फलक न लावता वाट प्रत्यक्ष बंद करावी, आणि त्याच दिवशी पर्यायी वाटेची सोय करावी. करडीच्या शेतकऱ्यास खुंट्यांचे गणित येण्याची आवश्यकता नाही. परंतु ते गणित कोणी तपासले, हे विचारण्याचा हक्क त्यास आहे. पोलाद आणि काँक्रीट यांचा सांधा अभियंत्याने जुळवावा. राज्यकर्ते आणि प्रजा यांच्यातील विश्वासाचा सांधा अशा उघड्या नोंदींनीच टिकेल.