अभ्यंगस्नान, ओले केस आणि स्ट्रेटनर

नरक चतुर्दशीची पहाट. अभ्यंगस्नान उरकलेलं, केस अजून निथळतायत आणि मैत्रिणींचे फोनवर फोन, ‘दिवाळी पहाटेला फडके रोडला कधी पोचतेस?’ डोंबिवलीच्या मुलींच्या केसांची वर्षातली सगळ्यात मोठी वाट याच घाईत लागत असावी. ठाण्यात राम मारुती रोडला, तलावपाळीला निघालेल्यांचीही तीच तऱ्हा.

फडके रोडजवळच्या गल्लीतल्या एका छोट्या पार्लरमध्ये केस सरळ करण्याचं काम जवळून पाहिलं. तिथल्या ताई ओल्या केसांना स्ट्रेटनर लावूच देत नाहीत. आधी टॉवेलनं टिपायचं, मग ड्रायर. त्यानंतर मानेवरच्या केसांत बोटं घालून चाचपायचं, कारण ते सगळ्यात उशिरा वाळतात. ओलाव्याला तापलेली पट्टी लागली की केसाच्या आतल्या आत वाफ होते, बुडबुडे धरतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते स्पष्ट दिसतात. केस पुढे तिथंच तुटतो. नहाताना नीट न निघालेलं तेलही चालत नाही. तेल राहिलंय असं वाटलं की ताई सरळ परत शाम्पूला पाठवतात.

खुर्चीतली मुलगी म्हणाली, “ताई, 230 वर ठेवा ना, पटकन होईल.”

“पटकन होईल गं, पण करपतील त्याचं काय?”

तिचे केस पातळ, त्यात रंगवलेले. आकडा 150 अंश सेल्सिअसवर थांबला. दाट, राठ केसांना त्या 180 पर्यंत जातात, त्यापुढे नाही. उष्णतेपासून वाचवणारा स्प्रे मारून तो वाळू दिला. मग दोन बोटं रुंदीची बट, पुढे कंगवा, मागे स्ट्रेटनर. हात कुठंही थांबत नाही. थांबला तर तिथं आडवी घडी पडते. एका बटेवर एकच फेरी, फार तर दुसरी. टोकं सर्वांत जुनी आणि कमजोर, म्हणून तिथून हात झरकन निघतो.

एवढं करूनही केस कायमचे सरळ होत नाहीत. उष्णतेनं मोडतात ते केसातले कच्चे बंध. घाम किंवा दमट हवा लागली की ते पुन्हा पहिल्यासारखे जुळतात. पक्के बंध मोडायला रसायन लागतं, तो स्मूदनिंगचा वेगळा आणि महागडा उद्योग.

तेव्हा मुलींनो, त्या दिवशी अर्धा तास लवकर उठा. तेवढं जमणार नसेल तर केस बांधून गजरा माळा. आणि दुपारी घामानं केस वळले म्हणून त्याच दिवशी पुन्हा स्ट्रेटनर फिरवू नका.